पायरीवर बसलेली आई

शेजारच्या फ्लॅटमध्ये रंगकाम चाललंय. सकाळपासून तो वास घरात भरलाय, आणि एका जागी बसवत नाही. प्रताप नगरातलं आमचं भाड्याचं घर सोडलं तो दिवस सारखा आठवतोय.

मी सहा-सात वर्षांची असेन. सामान टेम्पोत चढलं होतं, ड्रायव्हर घाई करत होता. घरमालक काका भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतो."

बाबा मान खाली घालून निघाले. पण चार माणसांत कधी तोंड न उघडणारी माझी आई दारातल्या पायरीवर बसली.

"आम्ही आलो तेव्हाच हा रंग उडालेला होता, काका. मग काहून कापता? पूर्ण पैसे भेटल्याशिवाय मी नाही उठत."

"चाल वं, लोक पाहून राहिले," बाबा पुटपुटले. शेजारच्या गच्चीवरून बायका वाकून बघत होत्या. मलाही वाटत होतं, ऊठ ना आई.

शेवटी काकांनी आतून सगळे पैसे आणले आणि बाबांपुढे धरले. आईने उठून ते स्वतःच्या हातात घेतले.

टेम्पोत तिने मला मांडीवर ओढलं. मांडी थरथरत होती. मला वाटलं, टेम्पोच हलतोय. आज नीट आठवतं, तो अजून सुरूही झाला नव्हता.