सबनीसांचे डोळे आणि माझे

मी एका माणसाच्या जन्मजात आजाराला लफडं समजलो, आणि भर तालमीत पंधरा माणसांसमोर त्याची नक्कल केली.

पुढे जे घडलं ते इथे लिहितोय, तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर बघा. मी स्वतः बँकेतला माणूस. दोन सह्या आणि शिक्का असल्याशिवाय देवावरही विश्वास ठेवत नाही, भुताखेतांचं तर सोडाच.

आम्ही मूळ नागपूरचे. बदलीमुळे तीन वर्षांपासून जयपूरला, मानसरोवर नावाच्या कॉलनीत राहतो. इथली मराठी मंडळी गणपतीत नाटक बसवतात, आणि तालमी बनी पार्कला एका मेंबरच्या हॉलमध्ये होतात. यंदा नीलिमाला, म्हणजे आमच्या सौ.ला, नागपूरपासून धरून वीस वर्षांत पहिल्यांदा मुख्य काम मिळालं. आतापर्यंत तिने शेजारीण, नर्स आणि एकदा नुसता पडद्यामागचा आवाज केला होता. समोर नायक म्हणून सबनीस — विमा कंपनीतले, नुकतेच बदलून आलेले. आवाज असा की माणसाने हप्ता न भरता नुसतं ऐकत बसावं.

घरी रोज सुरू झालं, "सबनीस किती समजून बोलतात नाही?" मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी, "सबनीस म्हणत होते, कमीच खावं."

मग मी तालमीला जाऊन मागच्या खुर्चीवर बसू लागलो. मदत म्हणून हो... चहाची वगैरे. तिथे बघतो तर सबनीसांच्या डावीकडे नीलिमा, आणि या गृहस्थाचा चेहरा सतत डावीकडे! हातात संहिता, पण तोंड माझ्या बायकोकडे. आणि डोळे कसे? इकडून तिकडे, इकडून तिकडे, भराभर. मी ठरवूनच टाकलं — खाणाखुणा चालल्यात.

चार दिवस आतल्या आत जळलो. पाचव्या दिवशी चहाच्या सुट्टीत उठलो, मान वाकडी केली, डोळे गरागरा हलवले आणि म्हणालो, "सबनीस, संवाद कागदावर आहेत, आमच्या घरच्यांच्या तोंडावर नाहीत!"

दोन-तीन जण हसले. मग कुणीच हसेना.

सबनीस अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, मी कागदच वाचतोय. माझे डोळे जन्मापासून असे हलतात. तोंड डावीकडे वळवून तिरकं पाहिलं की त्यातल्या त्यात ठरतात, मग अक्षर लागतं. वहिनी त्या बाजूला बसतात, त्याला माझा इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडल्याचा निरोप पाठवला. नायक नाही म्हणजे नाटक नाही. घरी येऊन नीलिमा एवढंच म्हणाली, "वीस वर्षांनी मिळालं होतं मला. वीस!" त्यानंतर बोलणं बंद. ताट वाढलं जायचं, पण आवाज नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं... माझे डोळे हलत होते. डावीकडे सावकाश घसरायचे, उजवीकडे झटका. पुन्हा घसरायचे, पुन्हा झटका. मी थांबवत होतो, थांबत नव्हते. बेसिन, नळ, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं थरथरत होतं. नक्कल मी केली होती पाच सेकंद. ही आता संपेचना.

नीलिमाला आधी वाटलं, मी परत सोंग करतोय. "काय करून राहिले तुम्ही? लाज नाही वाटत?" मग जवळ येऊन नीट पाहिलं. मला ऑटोत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. दारू? झोपेची, फिट्सची औषधं? कानाचा त्रास? डोक्याला मार? त्यांनी समजावलं की असं जन्मतः असलं तर मेंदूला सवय होते, जग हलताना दिसत नाही. मोठेपणी अचानक सुरू झालं तर जग हलतं, आणि मग कारण शोधावंच लागतं — आतला कान, एखादं औषध, मेंदूचा मागचा भाग. कारण सापडलं की त्याचा इलाज. काहींना नुसती मान ठराविक पद्धतीने फिरवून बरं वाटतं, काहींना औषध, चष्मा, क्वचित ऑपरेशन. माझं रक्त साफ, एमआरआय साफ, कान साफ.

मग त्यांनी मला एक जाड काळा चष्मा घातला. आत पूर्ण अंधार, कॅमेरा डोळ्यांवर, चित्र बाहेर स्क्रीनवर.

"दाएँ देखिए... हाँ, इधर थम रही हैं." त्यांनी लिहून घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा तपासलं. "अब बाएँ में थम रही हैं? ऐसा तो होता नहीं, भाईसाहब."

पुढचं मला नीलिमाने नंतर सांगितलं. पहिल्यांदा ती माझ्या उजवीकडे बसली होती. मधे ती उठून डाव्या बाजूच्या खुर्चीवर गेली. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिला तोंडावर बोट ठेवून खूण केली, चपला काढायला लावल्या आणि तीनदा जागा बदलायला लावली. तिन्ही वेळा, ती ज्या बाजूला, त्याच बाजूला माझे डोळे ठरले. शेवटी तिला बाहेर पाठवलं, तर कुठेच ठरेनात.

डॉक्टर म्हणाले, "आहट सुनी होगी." खरं सांगतो, मी काहीही ऐकलं नव्हतं. एसी घरघरत होता, आणि मी त्या अंधारात सबनीस आत्ता कुठे असतील याचाच विचार करत होतो.

दुसऱ्याच दिवशी मी सबनीसांच्या घरी जाऊन माफी मागितली. प्रामाणिकपणे सांगायचं तर निम्मी नीलिमाच्या नाटकासाठी, निम्मी डोळे थांबतील म्हणून. थांबले नाहीत. उलट त्या भल्या माणसाने मला समोर बसवून, मान कुठल्या कोनात धरली तर कमी हलतं, ते शिकवलं. वर म्हणाले, "तुम्हाला त्रास जास्त आहे हो. माझं जग हलत नाही, तुमचं हलतंय."

आणि मला... काय सांगू... हेवा वाटला! आवाज यांचा चांगला, नायक हे, आणि आजारसुद्धा यांचाच चांगला!

सबनीस परत आले. नाटक झालं, नीलिमाने टाळ्या घेतल्या. पहिल्या रांगेत मान वाकडी करून बसलेला इसम मी. माझे डोळे त्यानंतर आठेक दिवसांनी थांबले, आणि तेही कुठे? भाजीच्या गाडीवर मेथी निवडताना. भैया जुडी शिळी देत होता, मी भांडत होतो, आणि लक्षात आलं की त्याच्या मिशा हलत नाहीयेत. औषध नाही, देव नाही, काही नाही.

डॉक्टर म्हणतात, कधी कधी आपोआप जातं. ते मी मान्य करतो. पण त्या काळ्या चष्म्यातल्या तपासणीचा कागद माझ्याकडे आहे, त्यावर डॉक्टरांनी स्वतः प्रश्नचिन्ह काढलंय. अंधारात माझ्या डोळ्यांना नीलिमा कुठे आहे हे कसं कळत होतं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

हे सगळं लिहून नीलिमाला वाचायला दिलं. तिने वाचलं, कागद परत केला आणि म्हणाली, "यात न समजण्यासारखं काय आहे? तुमचे डोळे काढून डब्यात ठेवले, तरी ते माझ्यावर पाळतच ठेवतील."