मान वर ठेवून पोहणारा कंडक्टर

बालाघाटच्या बसस्टँडवर घनश्याम नंदागवळीला न ओळखणारा माणूस तेव्हा सापडला नसता. सरकारी बसचा कंडक्टर. बालाघाट, बैहर, बिरसा ही एकच गाडी त्याने वर्षानुवर्षं केली. उंच, सडपातळ, मान कायम ताठ. घाटात गाडी वळणावर कलली तरी तो कशालाही न धरता मधल्या वाटेत उभा राहायचा आणि मान उंचावून पार मागच्या सीटपर्यंत नजर फिरवायचा. कोणाचं तिकीट राहिलं का, ते बघायला.

दोन हजार पाच साली सरकारी गाड्या बंद झाल्या. डेपोला कुलूप लागलं. कोणी संघटनेच्या मंडपात जाऊन बसलं, कोणी दारू धरली, कोणी भर बाजारात रडलं. घनश्यामने यातलं काही केलं नाही. बॅग, पंच आणि शिट्टी जमा केली, घरी आला, हातपाय धुतले आणि जेवला.

त्याची बायको संघमित्रा शहराबाहेरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने पंधरवडाभर वाट पाहिली. मग एका रात्री भाजीत मीठ घालायचं ती विसरली, आणि हा माणूस काही न बोलता ताट साफ करून उठला, तेव्हा तिने विचारलं.

"अवो, तुमाले काही वाटून नाही राह्यलं का?"

"काय वाटाचं?" तो म्हणाला.

आणि ते खोटं नव्हतं. त्याला खरंच काही वाटत नव्हतं. सख्ख्या पुतणीच्या लग्नात तो पंगतीत बसला, वाढपाला मदत केली, परत आला. लग्न कसं झालं, असं शेजारच्या जिजाबाईंनी विचारलं तर म्हणाला, "झालं."

पहिल्या गाडीच्या वेळेला जाग यायची सवय मात्र सुटली नव्हती. अंधार असतानाच डोळे उघडायचे. पडून राहून करायचं काय, म्हणून तो पळायला जाऊ लागला. डेपोच्या वार्षिक खेळांत तो दरवर्षी पळायचाच. पळून झालं तरी दिवस उरायचा, म्हणून जुनी काळी सायकल काढून बैहरच्या रस्त्याला लागायचा आणि घाटाच्या पायथ्यापासून परतायचा. पोहणं तर लहानपणापासूनचं. त्याचं गाव वैनगंगेच्या काठी.

प्रेमलाल त्याच्याच गाडीचा ड्रायव्हर होता. आता तो मलाजखंडकडे जीप चालवायचा. एका सकाळी तो नागपूरचं वर्तमानपत्र घेऊन आला. नागपूरजवळच्या एका तलावावर कुठल्याशा क्लबने ट्रायथलॉन ठेवली होती.

"हे पाय. आधी पोहाचं, मंग सायकल, मंग पळाचं. तुले तिन्ही येते ना बे?"

"काहून जाऊ?"

"काहून म्हणजे? इथं बसून काय करून राह्यला?"

इथे बसून तो काहीच करत नव्हता, म्हणून घनश्याम गेला.

पाण्यात उतरायची शिट्टी वाजली आणि सगळे त्याच्या अंगावरून पुढे निघून गेले. थोड्या वेळाने आजूबाजूला कोणीच उरलं नाही. घनश्याम नदीत पोहायचा तसाच पोहत होता. मान पाण्याबाहेर, हात फटाफटा, पाय झाडत. सुरक्षेची नाव त्याच्या बाजूने चालू लागली. नावेतल्या माणसाने वाकून विचारलं, "काका, बसता का?" तो नाही म्हणाला. तो काठाला लागला तेव्हा सायकली टेकवायच्या बांबूंच्या लांबच लांब ओळीत त्याची एकटी काळी सायकल उभी होती. बाकी सगळे बांबू रिकामे. सायकलवर त्याने पुष्कळांना गाठलं, पळताना आणखी काहींना. तरी नंबर मागचाच.

घरी आल्यावर संघमित्रा कणीक मळत होती. तो दारात टेकला आणि आपणहून बोलला.

"पाण्यातून सगळ्याइच्या मांगून निंगालो. माही सायकल एकटीच उभी होती तिथं."

संघमित्राचा हात थांबला. तिला ना त्या शर्यतीचं काही होतं, ना नंबराचं. पण कित्येक महिन्यांत या माणसाने न विचारता सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. तिने ती सोडली नाही. पुढच्या रविवारी ती अलकनंदा सबनीसांकडे गेली.

अलकनंदाताई साठीच्या जवळ आलेल्या. नागपूरला टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि भावाला लकवा झाला तेव्हा बालाघाटच्या घरी परत आल्या. भाऊ मुकुंद सबनीस कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, आता खाटेवर. संघमित्राच्या शाळेत ताई एकदा बक्षीस वाटायला आल्या होत्या. त्या तरुणपणी विद्यापीठाकडून पोहत, हे तिने तेव्हाच ऐकलं होतं.

"मी आता पाण्यात उतरत नाही," ताई म्हणाल्या. "खांदा गेलाय माझा. काठावरून सांगेन. ऐकायचं असेल तर पाठवा त्यांना."

शहराबाहेर एक तलाव आहे. लांब, सरळ पाळ, एका टोकाला दगडी पायऱ्या, पाळीवर पळसाची झाडं. पहिल्या सकाळी ताईंनी घनश्यामला पाळीच्या कडेकडेने पोहायला सांगितलं आणि स्वतः पाळीवरून चालू लागल्या. अर्ध्या वाटेत त्यांना थांबावं लागलं. तो मागे राहिला होता.

"माझे गुडघे दुखतात, नंदागवळीजी," त्या वरून म्हणाल्या. "तरी मी पुढे गेले."

तो पाण्यात उभा राहिला, धापा टाकत.

"मान वर का ठेवता तुम्ही?"

"दिसाले पाह्यजे ना, ताई."

"काय दिसायला पाहिजे? पाण्यात कोणाचं तिकीट काढायचंय?"

तो हसला नाही. त्याने विचार केला आणि म्हणाला, "आदत हाय."

मग ताईंनी समजावलं. मान वर गेली की कंबर खाली जाते. कंबर गेली की पाय बुडतात. बुडते पाय वर आणायला माणूस ते झाडत राहतो आणि त्यातच दमतो. "तुम्ही पुढे जातच नाही. सगळी ताकद स्वतःला वर धरून ठेवण्यात जाते."

पुढचे कितीतरी दिवस तो पोहलाच नाही. पायऱ्यांशी पालथा तरंगत राहायचा, तोंड पाण्यात, नजर सरळ खाली. मान काही केल्या सैल होईना. वीस-बावीस वर्षं ताठ राहिलेली मान ती. ताई पायरीवर बसून एकच प्रश्न विचारायच्या, "बुडबुडे कुठे आहेत?" बुडबुडे नसायचेच. तोंड पाण्यात गेलं की तो श्वास कोंडून धरायचा, आणि वर आल्यावर आधी जुना सोडायचा, मग नवा घ्यायचा. तेवढ्यात पुन्हा बुडायचा. ताईंनी त्याला घरी बादलीत सराव करायला लावलं. न्हाणीतून गुडगुड आवाज यायचा आणि चुलीशी संघमित्रा तो ऐकत बसायची.

मग दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या फडक्यात बांधून मांड्यांत धरायच्या, म्हणजे पाय आपोआप वर राहतात आणि नुसत्या हातांनी पोहता येतं. मग मुठी बंद करून पोहायचं, म्हणजे पाणी तळव्याने नाही तर कोपरापासून पुढच्या सगळ्या हाताने मागे ढकलायचं असतं, हे हाताला कळतं. पाय गुडघ्यातून नाही, कमरेतून हलवायचे. श्वास घेताना तोंड वर न उचलता अंग कुशीवर वळवायचं. "हात पुढे गेला की जरा तसाच राहू द्या," ताई म्हणायच्या. "घाई कशाची आहे?"

घनश्याम सगळं करायचा. सांगितलं तेवढं, सांगितलं तसं. एकदा ताई संघमित्राला म्हणाल्या, "बाकीचे लोक चुकलं की चिडतात, जमलं की फुगतात. यांचं दोन्ही नाही. शिकवायला सोपे आहेत. पण कधी कधी मला भीती वाटते हो."

"मलेही," संघमित्रा म्हणाली.

पावसाळा संपता संपता एक दिवस तो पाळीच्या कडेने निघाला आणि वेगळंच काही झालं. खाली मातकट पाणी मागे सरकत होतं, हात टाकल्यावर अंग आपोआप पुढे घसरत होतं आणि कानांत फक्त स्वतःच्या बुडबुड्यांचा आवाज होता. दुसऱ्या टोकाला तो उभा राहिला तेव्हा ताई मागून भराभरा येत होत्या, पदर खोचून.

"काय केलंत आज?"

"मालूम नाही, ताई."

"पुन्हा करा."

पुन्हा जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग अधूनमधून येऊ लागलं, आणि थंडी सुरू होईपर्यंत बरंचसं हाताशी आलं.

नोव्हेंबरात मुकुंद सबनीस गेले. घनश्याम स्मशानघाटावर गेला, लाकडं रचायला हात लावला. आता ताई येणार नाहीत हे त्याला माहीत होतं. तरी तो रोज तलावावर जात राहिला, कारण जाग यायचीच. चौथ्या दिवशी पाळीवर ताई दिसल्या. सुतकात बाई तलावावर जाते म्हणून वॉर्डात पुढे बोलणं झालंच.

तो पाण्यातून बाहेर आला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"ताई..."

"घरात माणसं बसलीत," त्या म्हणाल्या. "चहा करून करून मी कंटाळले. आज मुठी बंद करून पोहा."

तो गेला आणि आला. ताई पायरीजवळ उभ्या होत्या.

"मला रडू येत नाहीये, नंदागवळीजी. दादाचं सगळं केलं मी. उठवणं, पुसणं, भरवणं. आणि आता आत काही हलतच नाही."

घनश्यामच्या अंगावरून पाणी निथळत होतं. समोरच्या काठाला कोणीतरी म्हशी धूत होतं.

"माह्यंही तसंच हाय," तो म्हणाला.

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "तुमचा डावा कोपर खाली पडतोय. पाण्यात शिरताना कोपर वर पाहिजे." आणि तो पुन्हा उतरला.

फेब्रुवारीत तीच शर्यत पुन्हा आली. प्रेमलाल त्याला जीपमधूनच घेऊन गेला. पाण्यात शिरताच कोणाची तरी लाथ बसली, कोणीतरी पाठीवर चढलं, आणि घनश्यामची मान झटकन वर आली. थोडं अंतर तो तसाच गेला, जुन्याच रीतीने, फटाफटा. मग त्याला छातीत कोंडलेला श्वास जाणवला. तोंड पाण्यात घालून त्याने तो सोडला. सगळा सोडला. खाली हिरवं पाणी होतं. हात पुढे गेला आणि तसाच राहिला. वळणाच्या खुणेसाठी पाण्यावर सोडलेला लाल फुगा पाहायला तो आता मान उचलत नव्हता, तेवढ्यापुरते डोळे पाण्यावर काढत होता.

काठावर आला तर सायकलींची ओळ निम्मी भरलेली होती. एवढ्या गर्दीत त्याला आपली सायकल सापडेना. तो ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या पायांनी फिरला. शेवटी क्लबच्या एका मुलीने छातीवरचा नंबर वाचून हाताला धरून नेलं.

सायकलवर या वेळी उलट झालं. पातळ टायरवाले त्याला मागे टाकून गेले, कारण तो आता पुढच्या लोकांबरोबर पाण्यातून निघाला होता. पळताना त्याने काही जागा परत घेतल्या. सगळ्यांच्या मधोमध कुठेतरी तो पोचला.

प्रेमलालने जिलबी आणली. "खूश नाही का बे तू?"

"बरं हाय," घनश्याम म्हणाला आणि जिलबी खाल्ली.

त्या उन्हाळ्यात खासगी गाडीवाल्यांच्या बुकिंगच्या टपरीवर त्याला काम मिळालं. सकाळचं पोहणं चालू राहिलं. ताईंच्या भाचीने, ईराने, त्यांना पुण्याला बोलावून घेतलं. एकटीने एवढ्या मोठ्या घरात राहून काय करायचं, म्हणून ताईही तयार झाल्या. नागपूरच्या गाडीत घनश्यामनेच त्यांचं सामान चढवलं, खिडकीची जागा दिली. गाडी सुटायला वेळ होता.

"एक विचारू का?" ताई खिडकीतून म्हणाल्या. "तुमच्या गाड्या बंद झाल्या, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं का?"

तो टपावरच्या सामानाची दोरी बघत होता. "मालूम नाही, ताई. तसं कोणी पुसलंच नोतं."

ताईंनी मान हलवली. गाडी निघाली.

घरी आला तेव्हा संघमित्रा अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसली होती. तो समोर बसला आणि एक शेंग उचलून सोलू लागला.

"आखरी दिवशी बिरशाहून गाडी आणली ना," तो म्हणाला, "तवा गाडीत पाचसात जनंच होते. एक चंपाबाई होती. बांबूच्या टोपल्या घेऊन बैहरच्या बाजाराले याची दर हप्त्याले. तिले मालूम नोतं."

"काय मालूम नोतं?"

"गाडी बंद होऊन राह्यली म्हून. उतरली, टोपल्या डोक्यावर घेतल्या अन् मले म्हनते, 'कल आओगे ना, बाबू? मेरे दस टोकनी छूट गए घर में.'"

संघमित्रा शेंगा तशाच हातात धरून बसली.

"मंग?"

"मंग प्रेमलालनं गिअर टाकला. मी घंटी मारली. डबल." त्याने सोललेले दाणे सुपलीत टाकले. "खिडकीतून पायलं तर ती रस्त्यावरच उभी होती. माह्याकडे पाहून राह्यली होती. बोललो नाही का मी, म्हून."

त्याचा आवाज एकसारखा होता. डोळे कोरडे होते. पण तो सांगत राहिला. घाटात प्रेमलाल कसा काहीच बोलला नाही, डेपोत शिरताना फाटकाच्या माणसाने नेहमीसारखी सलामी कशी दिली. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं. त्याचं सांगून झालं तेव्हा संघमित्राने सोललेल्या दाण्यांची सुपली बाजूला ठेवली, न सोललेल्यांचा ढीग त्याच्यासमोर सारला आणि म्हणाली, "सांगा ना, अजून कोण कोण होतं गाडीत?"