राहीबाईची चादर

१४ डिसेंबर २०२४, शनिवार. थंडी फार. नळाला पाणी सव्वासहाला आले, पाऊण तास टिकले. दुपारी संस्थेच्या सभागृहात राहीबाईच्या पार्टीचा कार्यक्रम. साडेतीनशे माणसे. हैदराबादचे पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटी चादर अंथरली नाही. मी नको म्हटले होते.

एवढे लिहून भागीरथाबाईंनी पेनला टोपण लावले. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली रोज डायरी लिहिण्याची ही सवय त्र्याहत्तराव्या वर्षीही सुटली नव्हती. त्यांचे यजमान बाबाराव तहसिलीत कारकून होते. ते होते तोवर चिडवायचे, "आमच्या दफ्तरात नसंल ते हिच्या वहीत सापडते." त्या रात्री मात्र शेवटचे वाक्य बाईंनी दोनदा वाचले. ते त्यांना टोचत होते, पण का, ते अजून कळले नव्हते.

चादर राहीबाईची होती. निळी, जाड, कडेला शिवलेली. राहीबाई तलमडुगु गावाकडची. दिवसा कापूस वेचायची, आणि जयंतीला, लग्नाला, नामकरणाला सहा जणांची गायन पार्टी घेऊन जायची. गाणे संपले, जेवण झाले, की निघण्याआधी यजमानांच्या अंगणातच ती चादर अंथरायची. मिळालेला सगळा पैसा, बक्षिसाच्या दहा-वीसच्या नोटांसकट, तिच्यावर ओतायचा. ढोलकीवाला धम्मपाल मोठ्याने मोजायचा. आधी गाडीचा खर्च बाजूला. मग सहा माणसांचे सहा सारखे वाटे, आणि अर्धा वाटा ढोलकीचा, कारण ढोलकीचे चामडी पान फाटले की नवे कोणाच्या खिशातून यायचे? मुख्य गाणारीला जेवढे, तेवढेच मागे झील धरणारीला. सगळ्यांच्या देखत.

लोक हसायचे. "राहीबाय, दुकान मांडलं का?"

"मांडलं. तुमाले काय देऊ?" ती म्हणायची.

पण ही रीत तिने गंमत म्हणून घातली नव्हती. सोळाव्या वर्षी ती दुसऱ्याच्या पार्टीत गात होती. पार्टीचा मालक पैसे कोटाच्या आतल्या खिशात घालायचा आणि परतीच्या वाटेवर हातावर काहीतरी टेकवायचा, "घे पोरी, बांगड्या भर." सहा वर्षे गायली, पण आपल्या गळ्याचे किती आले ते तिला एकदाही कळले नाही. सातव्या वर्षी विचारले, तर तो म्हणाला, विचारणारी बाई पार्टीत नको. त्याच आठवड्यात तिने आठवडी बाजारातून ही चादर घेतली.

भागीरथाबाईंना हे सगळे माहीत होते. तरीही त्या शनिवारी, पाहुण्यांच्या गाड्या दारात लागल्यावर, त्यांनी राहीबाईला बाजूला घेतले होते.

"आज चादर नको अंथरूस. मोठी माणसं आली आहेत, बरं दिसत नाही. संस्था नीट देईल."

राहीबाईने चादर पिशवीत परत घातली. "तुमी म्हणता तर नाई अंथरत, बाई."

बाईंना शिकवले गेले होते की चारचौघांत पैशाचे बोलणे असभ्यपणाचे. संस्थेचे सचिव सुरेंद्रबाबू शहरातल्या जुन्या व्यापारी घरातले. लोककला जपायची म्हणून त्यांनी संस्था काढली, कंपन्यांकडून देणग्या आणल्या आणि भागीरथाबाईंना सल्लागार समितीवर घेतले. पत्रिकेवर नाव छापून आले तेव्हा बाई सुखावल्या होत्या. राहीबाईला संस्थेत नेणाऱ्याही त्याच.

मंगळवारी सकाळी राहीबाई दारात उभी राहिली. "जय भीम, बाई."

"जय भीम. ये, चहा टाकते."

"चहा नको. माही पार्टी मोडली."

ती उंबऱ्यातच बसली आणि सांगू लागली. कार्यक्रम संपल्यावर ऑफिसातल्या चंचलने सहा जणांना सहा बंद पाकिटे दिली. वर नावे लिहिलेली. देताना म्हणाली, आपसात बोलायचे नाही, संस्थेचा नियम आहे.

"रिक्षात बसलो तं कोणी कोणाकडं पाहे ना. ज्याचं पाकीट त्याच्या पोटाशी. तीस वर्सांत असं कधी झालं नाई. येताना आमी रिक्षात भांडतो, खिदळतो, ह्या वेळी मुक्यावानी बसलो."

"मग?"

"मंग घरी जाऊन ज्यानं त्यानं फोडलं. मले चार हजार. धम्मपालले दोन. पेटीवाल्या राजकुमारले दीड. आन् झील धरणाऱ्या तिघींले साडेसातशे साडेसातशे. त्यातली चंपाबाई काल कापसाच्या वावरात माह्या तोंडावर बोलली, तू अन् बाईनं आधीच ठरवलं असंल, म्हणून तं चादर नाई काढली. धम्मपाल मले मावशी म्हणते, त्यानं बी मान फिरवली. मी काय सांगू? चादर काऊन नाई काढली, काय सांगू?"

भागीरथाबाईंनी हातातले भांडे खाली ठेवले. शनिवारचे वाक्य का टोचत होते, ते आता कळले. कोटाच्या आतल्या खिशातून जी बाई स्वतःच्या हिमतीने बाहेर पडली होती, तिला त्यांनी आपल्या सभ्यपणापायी पुन्हा त्याच खिशात ढकलले होते.

"तू काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मी सांगेन. चूक माझी आहे."

राहीबाई गेल्यावर त्यांनी कपाटातून संस्थेची फाइल काढली. अंदाजपत्रक इंग्रजीत होते, खाली त्यांची सहीसुद्धा होती. सुरेंद्रबाबूंनी "इथे करा, बाई" म्हटले आणि त्यांनी केली होती. जन्मभर किराण्याची चिठ्ठीही वाचल्याशिवाय बाजूला न ठेवणाऱ्या बाईने ही पाने वाचलीच नव्हती. आता चष्मा लावून एकेक ओळ वाचली. छायाचित्रण, बावीस हजार. पाहुण्यांचे प्रास्ताविक, पंधरा हजार. फुले आणि मंच, अठरा हजार. आणि शेवटून दुसरी ओळ: स्थानिक कलाकार, सहा, सराव धरून, नऊ हजार साडेसातशे.

दहा मिनिटे बोलणाऱ्याला पंधरा हजार. दोन तास गाणाऱ्या सहा जणांना मिळून दहाही नाहीत. आणि "सराव धरून"! बाईंनी आपली डायरी ओढली. सराव त्यांच्याच पडवीत झाला होता आणि आल्यागेल्याची नोंद त्या ठेवतच असत.

शनिवारी, एकवीस तारखेला, समितीची बैठक होती. बाई गेल्या, त्यांच्यामागे राहीबाई. बाकीचे पाच जण बाईंच्या निरोपावरून आले खरे, पण तोंडे फुगवून भिंतीशी उभे राहिले.

"अरे वा, सगळी मंडळी!" सुरेंद्रबाबू हसले. "सत्काराचं ठरवायचं का?"

"पैशाचं ठरवायचं," बाई म्हणाल्या. "कोणाला किती दिलं आणि कोणत्या हिशेबानं, ते सगळ्यांसमोर वाचा."

"बाई, तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईंनी... कलाकाराला का आपण पैशात मोजतो? ही सेवा आहे. आपण कोणी नफा कमावत नाही."

"फोटोवाल्यानं सेवा केली का? फुलवाल्यानं?"

सुरेंद्रबाबूंचे हसू जरा आखडले. "ते बाहेरचे. त्यांचा दर असतो."

"आणि आमचा नसते?" चंपाबाई भिंतीशीच बोलली. इतका वेळ ती राहीबाईवर रागावलेली होती, तो राग आता समोर वळला.

बाईंनी डायरी उघडली आणि वाचायला लागल्या, वर्गात हजेरी घ्यावी तशा. "तीन नोव्हेंबर. राहीबाई व पाच जण, सकाळी दहा ते चार. वेचणी सोडून आले. सहा नोव्हेंबर. सहाही जण. चंपाबाईला ताप, तरी आली. दहा नोव्हेंबर..." असे आठ दिवस. "वेचणीच्या दिवसांत बाई रोजचे चारशे कमावते. आठ दिवसांचे बत्तीसशे बुडाले. तुम्ही दिले साडेसातशे. म्हणजे चंपाबाईनं गाण्यासाठी तुमच्या संस्थेला चोवीसशे पन्नास रुपये देणगी दिली. भिंतीवर देणगीदारांची पाटी आहे ना? तिचं नाव कुठं आहे?"

चंचल खाली मान घालून कागद चाळत होती.

"आणखी एक," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. "चादर अंथरू नको असं राहीबाईला मी सांगितलं होतं. तिच्या मनात काही नव्हतं. मला लाज वाटली होती, ती चुकीच्या गोष्टीची वाटली."

राहीबाईने पिशवीतून निळी चादर काढली, खुर्च्यांमधल्या मोकळ्या फरशीवर झटकून अंथरली आणि आपले चार हजार तिच्यावर ठेवले. मग धम्मपाल पुढे आला, त्याने खिसा रिकामा केला. राजकुमार आला, झीलवाल्या दोघी आल्या. चंपाबाई सगळ्यांत शेवटी, पाकिटासकट.

"मोज रे," राहीबाई म्हणाली.

धम्मपालने मोजले. मोठ्याने, सुरेंद्रबाबूंच्या तोंडासमोर. प्रत्येकी पंधराशे, ढोलकीचे साडेसातशे.

"मावशी, तुहे अडीच हजार गेले की," तो हळूच म्हणाला.

"गेले कुठं? हे काय बसले समोर," राहीबाईने चंपाबाईकडे बोट केले. चंपाबाई हसली आणि डोळे पुसायला लागली.

सुरेंद्रबाबू म्हणाले, जानेवारीच्या कार्यक्रमाचं बघू, समितीपुढे ठेवू. बाई म्हणाल्या, बघू नको. सरावाच्या दिवसांसकट प्रत्येकाचा दर आधी मराठीत लिहून दारावर लावा, मग पार्टी येईल. तोवर पत्रिकेवरून माझं नाव काढा. सुरेंद्रबाबू "बाई, बसा तर खरं" म्हणत राहिले, पण बाई उठल्या. बुडालेल्या मजुरीचा एक रुपयाही त्या दिवशी हाती आला नाही. दारावर आजही काही लागलेले नाही, आणि जानेवारीत पार्टी गेली नाही.

त्या दिवशी परतताना सगळे बाईंच्या घरी उतरले. रिक्षात भांडण झाले होते, पुढे कोणी बसायचे यावरून.

त्या संध्याकाळी बाईंनी डायरीत एवढेच लिहिले: सहा जणांना दोनदा चहा. साखर संपली, उद्या किलोभर आणणे.