आमचं रीळ आणि आम्ही चौघं

चार माणसं एकाच छंदाला लागली की किस्से आपोआप साचतात. मासे साचत नाहीत, ती गोष्ट वेगळी. आम्हाला कुणी विचारलं, "काय मिळालं आज?" तर आम्ही मासा सांगत नाही, किस्सा सांगतो. तोही एक जण सांगायला लागला की बाकीचे तिघं मधेच तोंड घालतात, म्हणून आज मी एकटाच बसून सांगतो.

आम्ही जानेफळचे. मी कॉलेजात क्लार्क. गजाननभाऊ भाजीपाला पिकवतो, वांगी आणि टोमॅटो. वानखडे सर विज्ञान शिकवून रिटायर झालेले. चौथे गुरुजी, ते अमडापूरचे. त्यांच्याबद्दल पुढे येतंच. या सगळ्याला कारण माझा पुण्याचा साळा. त्यानं मला वाढदिवसाला गळ टाकायची काठी दिली आणि तिच्यावर बसवलेलं एक बेटकास्टिंग रीळ. म्हणाला, "दाजी, हे जरा शिकावं लागतं."

साळा खरं बोलला, असं आयुष्यात एकदाच झालं.

या रिळाची गंमत अशी की फेक केली की त्याची चकरी गरगर फिरते आणि दोरा सुटत जातो. पुढचं वजन हवेत मंदावतं, पण चकरीला ते कळत नाही. ती फिरतच राहते. म्हणून तिच्यावर अंगठा हलकासा टेकवून ठेवायचा. जास्त दाबला तर वजन पायाशी पडतं. कमी दाबला तर दोऱ्याचा असा गुंता होतो की रीळ दिसेनासं होतं.

पहिली फेक मी घराच्या गच्चीवरून केली. अंगठा ठेवायचा हे वाचलं होतं, पण ऐन वेळी तो अंगठा मी कौतुकानं वर करून बसलो. खटकन् आवाज आला आणि रिळावर सुगरणीचं घरटं तयार. माझी बायको सुनीता कपडे वाळत घालायला वर आली होती. तिनं ते हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं.

"अंडी कधी देते हे?"

मग तिनंच क्रोशाची सुई आणली आणि सबंध दुपार बसून गुंता सोडवला. तेव्हापासून आमच्या चौघांचे गुंते तिच्याकडे येतात. ती सोडवून देते, पण सोडवताना प्रत्येकाची आई-बहीण, सासर-माहेर सगळी चौकशी करून घेते. वानखडे सरांच्या सुनेला कोणता महिना लागला, हे सरांच्या आधी सुनीताला ठाऊक होतं.

*

गजाननभाऊच्या हातात काठी दिली त्या दिवशी आम्ही त्याच्या मळ्यात होतो. पाणी नव्हतं, सराव जमिनीवरच. भाऊनं लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकलली आहेत, त्यामुळे त्याच्या खांद्यात गोफण बसलेली आहे.

"हे तं सोपं हाये," तो म्हणाला. "गरगर फिरवाचं अन् सोडाचं."

"फिरवायचं नाही भाऊ. मागं न्यायचं, पुढं आणायचं."

"तेच तं सांगून राह्यलो."

त्यानं काठी डोक्यावरून दोनदा फिरवली आणि दोरा सोडला. माशाला भुलवायला गळ लावलेला रबरी बेडूक सरळ मागं गेला आणि कुंपणापलीकडं शेजारच्या कमलकाकूंच्या तारेवर वाळत घातलेल्या साडीत अडकला. भाऊला वाटलं, झुडपात अडकला. तो जोर लावून रीळ गुंडाळायला लागला. साडी चिमट्यातून सुटली, कुंपणावरून तरंगत आली आणि त्याच्या पायाशी येऊन पडली. हिरवी, जरीकाठाची.

कमलकाकू कुंपणाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गजानन, वंदनेले साडी पाह्यजे होती तं मांगून न्याची होती बाप्पा. वढून काऊन नेतं?"

वंदना म्हणजे भाऊची बायको. तिला ही हकिकत संध्याकाळच्या आत कळली. पुढं कितीतरी दिवस ती नवऱ्याला विचारायची, "काहो, आज कोन्या रंगाची आणता?"

*

वानखडे सर आमच्यात उशिरा आले. खरं म्हणजे त्यांना मी ओढूनच आणलं. पत्नी गेल्यापासून ते घराबाहेर पडत नव्हते. दारात खुर्ची टाकून बसायचे, कुणी नमस्कार केला तर मान हलवायचे. इतकंच. ज्या माणसानं वर्गात हसवून हसवून न्यूटन शिकवला, त्याला असं पाहवत नव्हतं.

मी रीळ नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "सर, याचं विज्ञान जरा समजावून सांगा. आम्हाला जमेना."

सरांनी चष्मा पुसला. रिळाच्या बाजूच्या छोट्या खुंट्या फिरवून पाहिल्या. आत लोहचुंबक आहे, तो चकरीला आवरतो, हे त्यांनीच शोधून काढलं. मग पार मैदानात येऊन आम्हाला व्याख्यान दिलं. जडत्व, घर्षण, सुटण्याचा कोन. भाऊ मन लावून ऐकत होता. शेवटी सरांनी सगळ्या खुंट्या आवळल्या, पवित्रा घेतला आणि अगदी पुस्तकात चित्र असावं तशी फेक केली.

वजन त्यांच्याच बुटावर पडलं.

"कोन बराबर होता सर," भाऊ गंभीरपणे म्हणाला.

सरांनी खुंट्या पार सैल केल्या आणि पुन्हा फेकलं. या वेळी गुंता असा झाला की दोरा त्यांच्या चष्म्याच्या काडीलाही गुंडाळला गेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. पुढं गेलो तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग थोडे रडलेही. भाऊनं त्यांच्या चष्म्याचा दोरा सोडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. पायात बूट, डोक्यावर टोपी.

"चल. आज कोन बदलून पाहू."

*

गुरुजी अमडापूरला देवळात पूजा करतात. आमच्याकडे पूजेला आले होते, तेव्हा कोपऱ्यात ठेवलेली काठी त्यांनी पाहिली आणि पोथी मिटल्याबरोबर विचारलं, "हे कसं चालतं?"

"गुरुजी, यानं मासे धरतात."

"ते कळलं. मला मासा नको. फेक शिकवा."

मी पाहुण्याला जेवायला वाढावं तशी काठी त्यांच्या हातात दिली. गळ काढला, शिशाचं वजन बांधलं. जन्मभर जपाची माळ ओढलेला अंगठा तो. तिसऱ्या-चौथ्या फेकीला रीळ त्यांचं ऐकायला लागलं. त्यांनी स्वतःची काठी मागवली आणि देवळामागच्या पटांगणात तांब्याची परात ठेवून रोज दुपारी सराव सुरू केला. वजन परातीत पडलं की टण् आवाज यायचा.

एक म्हातारी देवदर्शनाला येऊन तिथंच उभी राहिली. बराच वेळ भक्तिभावानं पाहत होती. मग पुढं झाली, परातीत झेंडूची दोन फुलं ठेवली, हात जोडले आणि विचारलं, "गुरुजी, हे कोन्तं व्रत हाये? माह्या सुनेले सांगाचं हाये."

*

माझा पहिला मासा तर सांगण्यासारखा नाहीच. धरणावर मासेमारी सोसायटीवाल्यांना विचारूनच आम्ही बसतो. त्या दिवशी मी झकास फेक केली, बेडूक पाणवेलीच्या कडेला पडला आणि रिळावर नेहमीसारखा गुंता. मी खाली बसून गुंता सोडवतोय, बेडूक तसाच पाण्यावर पडून आहे, आणि धप्प करून मरळीनं तो गिळला. रीळ फिरेना. शेवटी विहिरीतून बादली काढावी तसा मासा हातानं ओढला.

सर म्हणाले, "इतके दिवस तू रीळ शिकत होतास. मासा मात्र गुंत्यासाठीच थांबला होता."

*

आता शेवटचा. एके दिवशी धरणावर गजाननभाऊचा बेडूक पाण्यातल्या वाळक्या बाभळीत अडकला. किनाऱ्यावर मासेमारांची हवा भरलेली ट्यूब पडली होती. भाऊ तिच्यावर बसला आणि हातानं पाणी मारत गेला. बेडूक सोडवला. तेवढ्यात वारा सुटला आणि ट्यूब खोल पाण्याकडे सरकायला लागली. भाऊ हात मारतोय, ट्यूब नुसती गोल फिरतेय. जन्म विहिरीच्या काठावर गेला, पण भाऊला पोहता येत नाही. मला येतं ते हौदातलं. मासेमार बाजाराला गेलेले.

"सर, काही तरी करा बाप्पा," भाऊ ओरडला. आवाज त्याचा वाटत नव्हता. सरांनी वंदनेला फोन लावला. मी चपला काढल्या.

"थांब," गुरुजी म्हणाले. "तू बुडशील. आणि तुमच्या सगळ्यांच्या दोऱ्याला गळ आहेत. माझ्या नाही."

त्यांनी धोतराचा काष्टा घट्ट केला. पहिली फेक वाऱ्यानं बाजूला नेली. ते वारा येत होता त्या अंगाच्या खडकावर चढले, थोडं थांबले आणि पुन्हा फेकलं. वजन भाऊच्या डोक्यावरून गेलं, दोरा अलगद त्याच्या मांडीवर उतरला.

"दोरा ओढून वजन मुठीत धर, गजानन. हिसका देऊ नकोस. हलू नकोस."

मग ते सावकाश गुंडाळत राहिले. काठी कमानीसारखी वाकली होती. मी आणि सर पाण्याच्या कडेला उतरलो. ट्यूब गुडघाभर पाण्यात आली तसा मी धावत जाऊन भाऊला मिठी मारली. तो गार पडला होता. मुठीतलं वजन काढून घ्यायला बोटं एकेक उघडावी लागली.

तेवढ्यात वंदना स्कूटी घेऊन पोहोचली. तिनं नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बसा मांगं."

भाऊ मागं बसला.

पुढच्या आठवड्यात अमडापूरला एका घरी सत्यनारायण होता. मीही प्रसादाला गेलो होतो. गुरुजी सुपाऱ्या मांडत होते. यजमान जरा अवघडून त्यांच्या कानाशी वाकला.

"गुरुजी, राग नका मानू, पण लोक बोलून राह्यले. तुमी धरणावर मासे धरता म्हने?"

गुरुजींनी शेवटची सुपारी नीट बसवली.

"एकच धरला. चांगला ऐंशी किलोचा होता. त्याची बायको येऊन घेऊन गेली."