चावडीला दिलेली खबर

चावडीपुढे मामाला स्वतःचे बूट डोक्यावर घेऊन उभं केलं होतं. भर दुपारी. अख्खं गाव बघत होतं. मी आईच्या पदराआडून बघत होते.

"म्हाराच्या पायात बूट, खिशात पेन, काखेत वर्तमानपत्र," हवालदार म्हणाला. "संशयाला आनखी काय पायजे?"

मामा नगरला शाळामास्तर होता. मला शिकायला न्यायला आला होता. माझं बोचकं बांधून तयार होतं.

त्याची खबर माझ्या बापानंच दिली होती.

बाप गावचा येसकर. गावात परका माणूस आला की चावडीला कळवायचं, हे आमच्या घरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्यात बेचाळीसची चळवळ पेटली, तारा कापल्या गेल्या, आणि सरकारचा हुकूम आला: संशयित माणूस दिसला तर ज्यानं त्यानं कळवावं. ती दवंडीही बापानंच घुंगराची काठी आपटत दिली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, त्यांच्या लेखी संशयित म्हणजे आपणच! मेव्हणा आला तसा तो हरखून चावडीवर गेला. "पाटील, माझा पाव्हना आलाय. नगरला मास्तर हाय." आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं खबर देताना छाती फुगवली असेल.

उन्हं कलल्यावर मामाला सोडलं. पाटील बापाला म्हणाले, "शाबास. इमानी हायेस." मग माझ्याकडे बोट केलं. "आन् ही पोरगी कुटं जायाची न्हाई. आमचा गोठा कोन झाडंल?"

मामा घरी आलाच नाही. बाप त्याच्या मागं वेशीपर्यंत धावला. मीही धावले.

"मास्तर, भाकरी तरी खाऊन जावा."

मामा थांबला. त्याचे डोळे भरले होते. "दाजी, मी तुमच्या घरी आल्तो. चावडीवर न्हाई."

बूट हातात धरून तो अनवाणीच नगरच्या रस्त्याला लागला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी जेवढी रडले, तेवढी पुढं आई गेली तेव्हाही रडले नाही.

बापानं अंथरूण धरलं. पाटलांनी मला बोलावून घेतलं. "बाप उठंस्तवर काठी तू घे. कुनाकडं कोन येतंय, सांजच्याला येऊन सांगायचं."

मी काठी चावडीच्या पायरीवर ठेवली.

"न्हाई सांगनार."

थोबाडीत बसली. येसकराच्या कामापोटी घरोघरी मिळायची ती गावची भाकर बंद झाली. आई एका शब्दानं रागावली नाही. तिनं कण्या शिजवल्या आणि पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं.

बाप त्या अंथरुणातून उठला नाही. मामा पुन्हा आला नाही. माझी शाळा राहिली ती राहिलीच.

गोरं सरकार गेलं, आपलं आलं. अजून कुणीतरी सरकारी माणूस दारात उभा राहतो, शेजारच्या घराकडं बघत हळूच विचारतो, "यांच्याकडं कोण येतं-जातं?" कुणाच्या पाहुण्याची खबर माझ्या तोंडून चावडीला जायची नाही. मान कापली तरी नाही.