लोर्नाबाईंची खरवड

लोर्ना ट्वेट आमच्या गावच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळायची. तिचा भाऊ आर्विद आणि मी नळ बनवण्याच्या एकाच कारखान्यात होतो. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात आर्विद बर्फावरून घसरला, पाय मोडला आणि बहिणीकडे राहायला गेला. त्यामुळे आमचा रविवारचा खेळही तिच्या जेवणाच्या टेबलावर आला.

खेळ असा, की आर्विदने सांगायचं, "तुम्ही गुहेत आहात, समोर काहीतरी हललं." कारखान्यातल्या आम्ही चौघांनी आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. राक्षस आर्विद स्वतः रचायचा.

लोर्ना खिमा-बटाट्याचं भांडं घेऊन आली आणि तिथेच ऐकत उभी राहिली.

"हा तुझा राक्षस खातो काय?"

"माणसं," आर्विद म्हणाला.

"आणि हे चौघे येईपर्यंत शंभर वर्षं काय खात होता? उपास?"

आम्ही हसलो. आर्विदला ते लागलं. "एवढं कळतंय तर तूच कर की एखादा."

पुढच्या रविवारी तिने पाककृती लिहायच्या कार्डावर राक्षस लिहून आणला. ओसाड किल्ल्याच्या मुदपाकखान्यात खोलीएवढी कढई. शेवटच्या मेजवानीनंतर ती कुणी घासलीच नाही, आणि तळाची खरवड जिवंत झाली. स्वयंपाकाच्या वासावर ती जगते. शिजत असलेलं काही दिसलं, की सरपटत येते.

आम्ही तलवारी चालवल्या, त्या रुतून बसल्या. मी मशाल लावली तर ती आणखी कडक झाली. दोन तासांनी आम्ही पळून गेलो.

"हरलो. आता सांग, मरते कशाने?" मी विचारलं.

"नाही सांगणार. पुन्हा या," ती विणकामातून मान वर न करता म्हणाली.

पुढे तिला नादच लागला. राक्षस झाले, मग जादूच्या वस्तू. तिचा एक एप्रन होता. त्याच्या खिशात हात घातला की हवी ती वस्तू मिळायची, पण स्वतःला हवी ती नाही, शेजारच्याला हवी ती. आर्विद म्हणाला, "हे उफराटं का?"

"अरे, सगळं एकालाच मिळालं तर बाकीचे काय जांभया देणार? या खिशामुळे तुम्हाला एकमेकांकडे बघावं तरी लागेल."

हा एप्रन मी तिच्या नकळत या खेळाच्या एका छोट्या मासिकाला पाठवला. त्यांनी 'एल. ट्वेट' या नावाने छापला. महिन्याभरात पत्र आलं, 'श्री. ट्वेट यांनी ऑगस्टच्या मेळाव्यात एक डाव चालवावा.' लोर्नाने ते दोनदा वाचलं. "या श्री. ट्वेटना इस्त्रीचा शर्ट लागेल," ती म्हणाली, आणि कार्डांची पेटी भरायला लागली.

मेळाव्यात मी तिची पेटी घेऊन मागे होतो. टेबलाभोवती पाच जण वाट बघत बसले होते. एका दाढीवाल्याने तिला विचारलं, "बाई, कॉफी कुठे मिळेल?"

"जिन्याखाली. माझ्यासाठीही आणा, दूध नको," असं म्हणून ती मुख्य खुर्चीवर बसली. त्याचे कान लाल झाले. पण कॉफी त्याने आणली.

तिने खरवड काढली. पुन्हा तलवारी रुतल्या, पुन्हा आग लावली, तिघे आडवे झाले. टोकाला मार्लिस कोपेकी नावाची बाई होती, इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. सकाळपासून ती बोललीच नव्हती. आता हळूच म्हणाली, "एक विचारू? त्या किल्ल्यात विहीर आहे?"

"आहे."

"मग मी पाणी ओतते. कढई भरेपर्यंत. आणि झाकण लावून बसते."

"बसतेस म्हणजे? लढत नाहीस?" दाढीवाला म्हणाला.

"भिजू दे की आधी. सकाळी आपोआप सुटेल."

लोर्नाने फासे बाजूला सारले. "फासे टाकायची गरज नाही. सुटली." आख्खं टेबल हसायला लागलं. मी कपाळावर हात मारून घेतला. दीड वर्ष आम्ही चौघे त्या कढईशी झुंजत होतो, आणि चौघांपैकी एकानेही घरी कधी भांडं घासलं नव्हतं. लोर्नाने माझ्याकडे बघितलं आणि खरवडीचं कार्ड पेटीत ठेवून दिलं.

तिने पुढे चाळीसएक राक्षस रचले. दरम्यान शाळेतून निवृत्त झाली. मार्लिस महिन्यातून एकदा तीन तासांची बस पकडून आमच्या टेबलावर यायला लागली. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःचा राक्षस आणला, चादरींच्या ढिगात राहणारा, नऊ डोळ्यांचा. लोर्नाने चष्मा लावून कागद नीट वाचला.

"चांगलाय गं," ती म्हणाली. "पण नऊ डोळ्यांनी बघतो काय, ते नाही लिहिलंस. बस इथे, आधी जेव, मग ठरवू."