यांचं ग्लायडर आणि माझं बोलणं

यांचे डोळे अधू झालेत, हे रिमोटवरच्या विमानांच्या स्पर्धेत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. यांचं बॅटरीवरचं छोटं ग्लायडर गोळीसारखं जायचं. मी मागे उभी राहून यांना हळूच सांगायची, "डावीकडे आहे, आता वळवा." दिसत होतं तेव्हा यांनी ते स्वतः घडवलेलं, दुसरं आता होणार नव्हतं.

त्या दिवशी सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, यांची फेरी चालू असताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "काकू, यंदा मोहोर कसा काय?" मला मेलीला बोलायला कुणी मिळालं की झालं. वळून सांगायला लागले, तोच कातळावर आवाज झाला. बघते तर तुकडे.

हे रिमोट धरून अजून आभाळाकडेच बघत होते. "कुठं आहे गं? सांग ना लवकर."

"वरच आहे," म्हटलं, आणि यांच्या हातातला रिमोट काढून घेतला.